उपासकाळातले मुळे

आधीच सांगतो, मी शाळेत विज्ञान शिकवतो. रविवारी चर्चला जातो, पण चमत्कारांच्या साक्षी सुरू झाल्या की माझं लक्ष घड्याळाकडे... त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय.

आम्ही रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीजवळ राहतो. गेल्या वर्षी आई पडली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती काही उभी राहीना. एरवी चर्चच्या पाळकसाहेबांनाही टोमणे मारणारी आमची आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. त्यात लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा, उपासकाळ लागला. तेव्हा आमच्या घरी मासळी-मटण बंद असतं. आईनं तर जेवणच जवळजवळ सोडलं. ताट पुढे केलं की म्हणायची, "उपास आहे माझा." आम्हाला कौतुक! पाळकसाहेबांनी प्रार्थनासभेत तिच्या भक्तीचं उदाहरणसुद्धा दिलं. डॉक्टर मात्र भडकले – "असंच चाललं तर आई हातची जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी राबियाचाची दारात हजर, टोपलीत खाडीतले ताजे मुळे, म्हणजे तिसऱ्यांसारखे शिंपले! ही आमची नेहमीची मासळीवाली, पण उपासकाळात ती आमच्याकडे फिरकत नाही. एकदम ईस्टरलाच येते.

"चाची, आमचे उपास चालू आहेत ना?"

"म्हायत हाय मला. तुझ्या आयशीनंच सांगितलान. काल तुमच्या अंगणाच्या दगडी गडग्याशी उभी होती. 'उपास पुरे झाला, उद्या मुळे आण,' म्हणाली."

"आई? अगं, कूस बदलायलासुद्धा ती आम्हाला हाक मारते!"

"मग मी काय खोटा बोलतंय? निळ्या काठाची साडी, हातात काठी पण नाय. मीच म्हटलं, बरी झालीस गो बाय!"

काल दिवसभर मी आईच्याच खोलीत पेपर तपासत बसलो होतो.

आत गेलो तर आईनं सगळं ऐकलेलं. रडत होती आणि हसतही होती.

"उपास कसला रे... तुम्हाला कळू नये म्हणून तसं म्हणायचे. मी देवाकडे मरण मागत होते. आणि त्यानं बघ, मुळे पाठवले! सरोजला सांग, खोबरं सढळ हातानं घाल."

माझ्या बायकोनं मुळ्यांचं झणझणीत सुकं केलं. आई दोन भाकऱ्या जेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले – कांद्यामुळे, असं सरोजला सांगितलं.

आई अजून वॉकर धरून कण्हत चालते, आणि पाळकसाहेबांना टोमणेही मारते. मी मात्र सगळे तर्क लढवून पाहिले. शेजारच्या घराला कुलूप, चाचीचे डोळे माझ्याहून तेज. उत्तर सापडलेलं नाही. परवा शेवटी आईलाच विचारलं, "गडग्याशी कोण होतं गं?"

"मला काय ठाऊक? मी इथेच होते. पण माझा उपास खोटा आहे, हे फक्त एकालाच माहीत होतं," आई म्हणाली, "आणि तो जरासुद्धा रागावला नाही रे."