माज कुणी पाहिला?

माझा जन्म माधवनगरचा, कापडगिरणीच्या भोंग्यावर वाढलो. गुरांचा डॉक्टर झालो तो पुस्तकं वाचून. कोयनेकडच्या एका गावात नोकरी लागली तेव्हा आपल्याला सगळं येतं, असा माझा पक्का समज होता. तो दहा वर्षांनी एका बाईनं चारचौघांत मोडला.

तिचा नवरा फौजेतून निवृत्त झालेला, बोलणं काटेकोर. त्यांची एक गाय होती, तांबडी, मोठ्या डोळ्यांची. लागोपाठ तीन वेळा मी तिला कृत्रिम रेतन केलं आणि तिन्ही वेळा ती गाभण राहिली नाही. दर वेळी फौजींचा फोन यायचा, "डॉक्टर, गाय आज सकाळी माजावर आलीय." सकाळी माज दिसला तर संध्याकाळी गाय भरायची, म्हणजे रेतन करायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा आमचा नियम. मी नियमानं संध्याकाळी जायचो. तिसऱ्यांदाही गाय रिकामी राहिली तेव्हा फौजी म्हणाले, "आता एकडाव बघायचं. न्हाई राह्यली तर बाजार दाखवायचा."

त्यांची बायको तेव्हा गोठ्यात शेण भरत होती. ते ऐकून तिचे हात थांबले. ती गाय घरातच जन्मलेली, कालवड असल्यापासून तिनं पेज पाजून वाढवलेली. पण ती माझ्याशी काही बोलली नाही, आणि मीही तिला काही विचारलं नाही. गायीबद्दल विचारायचं ते मालकाला, एवढं शहाणपण मला होतं!

पुढच्या आठवड्यात डेअरीवर मी शिबिर घेतलं. खुर्च्यांवर सगळे बाप्ये. बाया दूध घालून, रिकाम्या किटल्या घेऊन घराकडे वळत होत्या. मी माजाच्या वेळा समजावून सांगत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, "आवं डॉक्टर, माज सकाळचा का सांजचा, ह्यानं फरक पडतो व्हय?"

सगळ्या माना वळल्या. फौजींची बायको रिकामी किटली घेऊन उभी होती. आमच्याकडे बाई असं पुरुषासमोर बोलत नाही. एकदोघे तोंडावर रुमाल धरून हसले. तिचे कान लाल झाले होते, पण ती जागची हलली नाही. मी म्हणालो, "पडतो की, लय पडतो."

"मग तुमी तिन्ही वेळा उशिरा आलाय," ती म्हणाली. "माज मी सांजच्या धारंला बघितलावता. गाय हंबरत व्हती, दूध आखडलंवतं. ह्यांच्याम्होरं कसं बोलायचं म्हून आत्यास्नी, आमच्या सासूबाईस्नी, सांगितलं. आत्यांनी सकाळी ह्यास्नी सांगितलं. मग ह्यांचा फोन. ह्ये येळंचं आमाला आधी कुणी सांगितलंच न्हाई."

कुणी म्हणजे मीच. दहा वर्षं मी हेच घसा कोरडा करून सांगत होतो, पण ज्यांनी धार काढली नव्हती त्यांना. मला भयंकर लाज वाटली. आणि त्या बाईचं मनापासून कौतुक वाटलं. गायीसाठी तिनं सगळ्या गावापुढं तोंड उघडलं होतं.

मी माझा नंबर चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात दिला. दोनेक आठवड्यांनी संध्याकाळी नवऱ्याच्या फोनवरून तिचा आवाज आला, "गाय माजावर हाय. आत्ताच, धारंला बघितली. उद्या सकाळीच या." मी बरं म्हणायच्या आत फोन ठेवलेला. सकाळी गेलो तेव्हा गाय बांधून तयार होती आणि गरम पाण्याची बादलीसुद्धा.

तीन महिन्यांनी तपासायला गेलो. तिनं गायीचा कासरा धरला होता. फौजी दाराशी उभे, शेजारच्या चारपाच बाया अंगणाच्या दगडी गडग्यापाशी. मी हात आत घातला, चाचपलं, पुन्हा चाचपलं. मग सवयीनं फौजींकडे वळून बोलायला तोंड उघडलं.

"मला नगं," ते म्हणाले. "तिला सांगा."

मी तिच्याकडे वळलो. "गाभण आहे."

तिनं गायीच्या मानेवर कपाळ टेकलं. मग पदरानं डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं.

"मग इण्याआधी हिचं दूध आटवायचं कवा?" तिनं विचारलं, आणि गडग्यापलीकडच्या बाया नीट ऐकू यावं म्हणून आत आल्या.