नेट हाय तवर

"तेवढं उतरू दे, संपलं की बंद कर. माझी एस.टी. चुकेल," माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवत सुनंदा म्हणाली आणि निघाली... दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या भावाचा फोन आला. "ताई, सुनंदा नाय ऱ्हायली. झोपेतच गेली." मी मूर्खासारखं विचारलं, "मग आज माझ्याबरोबर उरणला कोण येणार?"

पनवेलच्या स्टँडमागे मिठाईच्या दुकानावरची खोली, दोन टेबलं आणि आम्ही दोघी. उरणच्या कंटेनर यार्डांसाठी गेटवरच्या नोंदींचे प्रोग्रॅम आम्ही जावा या संगणकाच्या भाषेत लिहायचो. ती मिठागरवाल्यांच्या घरातली, माणसांच्या गोतावळ्यात वाढलेली. मी एकुलती एक, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. तिच्यामागे अख्खं गाव होतं. मला बोलायला ती एकटी.

सुरुवातीलाच यार्डात आमची फजिती झाली होती. बदल एवढासा, पण त्याला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार भाग, आमच्याकडे उतरवलेली नव्हती आणि तिथे नेटचा पत्ता नाही. बाहेर ट्रकवाले भोंगे वाजवतायत आणि आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय. त्या दिवसापासून सुनंदाने व्रतच घेतलं. संध्याकाळी निघण्याआधी माझ्या लॅपटॉपवर टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडायचं, लायब्रऱ्या आणून प्रोग्रॅम बांधून देणाऱ्या मेव्हनला एका ओळीत सांगायचं की लागणारं सगळं आणून ठेव, आणि ओळी सरसर पळू लागल्या की नळाखाली पिंप लावलेल्या बाईसारखं समाधानाने बघत उभं राहायचं. "नेट हाय तवर भरून ठेवावं," हे ठरलेलं वाक्य. एक लायब्ररी मागितली तर तिच्यामागून ढीगभर येतात म्हणून मी कुरकुरायचे. ती हसायची. "आमच्या हळदीसारखं हाय गं. एकाला आवतन दे, त्याचं घर येतं, घरासंगं पावनं येतात. कुनाला परत धाडशील?" माझ्या घरची बेल फारशी वाजत नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून गावातल्या प्रत्येक हळदीला ती मला ओढून न्यायची. मी नाटकं करायचे आणि जायचे.

तेराव्यानंतर यार्डातून फोन आला. पावतीवरचा एक रकाना बदलायचा राहिला होता. हेच एक गिऱ्हाईक उरलं होतं. ते सुटलं असतं तर खोलीला कुलूप लागलं असतं. गेले एकटीच, शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून. नेट नव्हतंच. बदल केला, नेटशिवाय प्रोग्रॅम बांध असं मेव्हनला सांगितलं आणि एंटर दाबलं. कुठेही अडलं नाही. त्या शेवटच्या संध्याकाळी तिने सगळं भरून ठेवलं होतं. "झालं गं," म्हणत मी वळले... शेजारच्या खुर्चीवर वॉचमनचा डबा होता.

काम राहिलं, खोली राहिली. पण या खोलीत आता फार एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी खाली दूध आटवायला ठेवतात, स्टँडवर उरणच्या गाडीची घोषणा होते. तिने उघडलेलं टर्मिनल माझ्या लॅपटॉपवर तसंच आहे. त्यात मी दुसरं काही लिहीत नाही. फक्त वरचा बाण दाबते. तिने टाइप केलेली ओळ येते. एंटर. आणण्यासारखं काही उरलेलंच नसतं, लगेच संपतं.

संपलं की बंद कर, म्हणाली होती. मी अजून बंद केलेलं नाही.