झिजलेल्या मापाचा शाफ्ट

तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस घरात बसला की घर लहान पडतं. आमचे हे ज्या कारखान्यात टर्नर होते, तो पंपांचा. आधी रात्रपाळी बंद झाली, मग ओतकाम. शेवटी तयार पंपच बाहेरून यायला लागले आणि इथे त्यांवर नुसती नावाची पट्टी बसू लागली. पट्टी बसवायला टर्नर कशाला लागतो? तिथे यांना सगळे ‘पॉइंटसाहेब’ म्हणत, कारण मापात एका पॉइंटचा, केसाएवढा फरकही यांना खपत नसे.

मी यांच्यासाठी एका गोदामावर रखवालदाराची नोकरी शोधून आणली. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. लेक मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. तिचं एकच टुमणं: जुन्या यंत्रांचे भाग आता कोणी बनवत नाही, आपण बनवू. बापाचं गेलं ते गेलं, आता हीपण त्याच वाटेनं, म्हणून मी गोदामाचाच धोशा धरला. दोघांनी मात्र कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमधला लेथ दिवसाच्या भाड्यानं ठरवलासुद्धा.

पहिलं काम बेकरीचं. पीठ मळायच्या यंत्राचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, तडकला होता आणि ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. यांनी जुना शाफ्ट मायक्रोमीटरनं मोजून हुबेहूब नवा करून दिला. बेकरीच्या माणसानं तो नव्या बेअरिंगांत बसवून बटण दाबलं, तर यंत्र खडखडाट करत जागचं हललं. बेकरीवाला म्हणाला, “साहेब, तुटका होता तो निदान गप्प तरी होता.”

हे घरी आले आणि मला म्हणाले, गोदामाला हो कळवून टाक. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.

लेक जुना शाफ्ट मांडीवर घेऊन बसली होती. दोन-तीन ठिकाणी मोजून ती म्हणाली, “बाबा, तुम्ही झीजसुद्धा मापात बनवलीत.”

यांच्यापुढे जन्मभर ड्रॉइंग असायचं, त्यावरचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. इथे कागद नव्हता, म्हणून वर्षानुवर्षं घासलेल्या लोखंडालाच यांनी खरं मानलं. पुलीखाली झाकलेला तुकडा तेवढा कोरा राहिला होता. खरं माप तिथे होतं; बाकी ठिकाणी दांडा झिजून बारीक झाला होता, म्हणून त्याची नक्कल नव्या बेअरिंगांत सैल खेळत होती. हे आधी लालबुंद झाले, मग ठसका लागेपर्यंत हसले. म्हणाले, “कारखान्यात हे कोणी केलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता.”

शुक्रवारी दुसरा शाफ्ट बसला. यंत्र इतकं मुकाट चाललं की बेकरीवाल्यानं ते सुरू आहे ना म्हणून वाकून पाहिलं. मग आत जाऊन बंद पडलेल्या दुसऱ्या यंत्राचा शाफ्ट घेऊन आला.

माझी काळजी काही गेलेली नाही. बेकऱ्या किती, आणि त्यांची यंत्रं मोडणार किती? तरी शनिवारी गोदामाला ‘नाही’ कळवायचा फोन मीच केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, एवढी चांगली नोकरी का नाकारताय? मी म्हटलं, “त्यांना वेळ नाही हो, हातात काम आहे.”