कापलेली दोन वाक्यं

"पिशवी काढायची नाही," असं मी डॉक्टरांना पुन्हा सांगितलं आणि सही न करता पेन परत केलं. तपासणीत गर्भाशयाचा कर्करोग निघाला होता आणि उशीर करू नका, असं ते बजावत होते. माझा मुलगा हिंजवडीच्या कंपनीत बसून अमेरिकेची कॉम्प्युटरं सांभाळतो, पण आईसमोर 'पिशवी' हा शब्द त्याच्या तोंडातून निघेना. तो पंख्याकडे बघत राहिला. शेवटी बाहेर जाऊन त्याने आमच्या शेजारणीला फोन केला. ती स्टुडिओतून तशीच आली. वर रेशमी पदर, खाली सलवार, कारण टीव्हीत कमरेखालचं दिसत नाही, आणि तोंडाला पावडरचा थर. आपलीच बातमी खोडून काढायला धावत आलेली बातमीदार उभ्या पुण्यात मी ही एकच पाहिली.

"काकू, सही करा."

"तूच सांगितलंस ना टीव्हीवर, पिशवी काढू देऊ नका म्हणून?"

"सांगितलं."

"मग ते खोटं होतं?"

"अर्धं होतं."

डॉक्टर पक्के पुणेकर. म्हणाले, "उरलेलं अर्धं मी इथे रोज सांगतो. पण आमच्याकडे कॅमेरा येत नाही."

तिने त्यांना उलट उत्तर दिलं नाही. तिला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मला तिथे कळलं आणि मी सही केली.

कारण गप्प बसणं हा तिचा स्वभावच नव्हता. मुलाला नोकरी लागल्यावर आम्ही कसबा पेठेतून कोथरूडला आलो, तेव्हा सोसायटीत घराघरांत केबल आली होती आणि नव्या वाहिनीवर बातम्या सांगणारी ही बाई भिंतीला भिंत लावून राहायची. तिच्या गॅलरीतून माझ्या गॅलरीत हात पोहोचायचा. नळाला पाणी आलं नाही तरी ती बातम्यांच्या आवाजात सांगायची, आणि टाकीवाला खरोखर घाबरून वर चढायचा. नवरा नव्हता, होता तो सोडून दिला होता, आणि त्याचं कारण तिने सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारणाऱ्याला सगळ्यांसमोर सांगितलं. पुन्हा कोणी विचारलं नाही. दूध रोज उतू घालवायची आणि वास आला की मलाच विचारायची, कोणाचं गेलं म्हणून.

बायकांची दुखणी हे तिचं वेड होतं. भाजीच्या गाडीवर भेंडी मोडून बघता बघता ती शेजारच्या बाईला विचारायची, पाळी नियमित येते का, अंगावरून जातं का. भाजीवाला तराजूत तोंड घालायचा. पुढे पुढे तो रांग मोडून तिला आधी भाजी द्यायला लागला, म्हणजे ती लवकर जाईल. कोणी बाई वारल्याचं कळलं की तिचा पहिला प्रश्न, कशाने गेल्या. माझी थोरली बहीण गेली तेव्हा मी म्हणाले, म्हातारपणाने. तर मला म्हणते, "म्हातारपण हा आजार नाही, काकू. नीट सांगा." मला राग आला. नीट सांगायला मला माहीतच नव्हतं, आणि बहिणीच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं, हे मला त्या रागात समजलं.

ती बातमी तिने खेडोपाडी महिनेन् महिने हिंडून केली होती. पोटात जरा दुखलं, अंगावरून पांढरं गेलं, की काही दवाखाने चांगल्या तरण्या बायकांना कॅन्सरची भीती घालून पिशवी काढून टाकत होते. शेवटी तिने कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, पिशवी तुमची आहे, कोणी म्हणालं म्हणून काढू देऊ नका. मी चौथी शिकलेली, पण तिचं बोलणं मला अक्षर न् अक्षर समजायचं. त्यापुढे आणखी दोन वाक्यं होती. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं तर मात्र थांबू नका, लगेच तपासून घ्या, आणि तेव्हा डॉक्टर काढा म्हणाले तर काढा. ती दोन वाक्यं ऑफिसात कापली आणि तिथे थंड पेयाची जाहिरात बसवली. ती भांडली. पण बातमी गाजली, कौतुक झालं, आणि भांडण मागे पडलं.

मला रक्त दिसायला लागलं ते त्यानंतर. मी कोणाला बोलले नाही. डॉक्टरकडे गेलं की पिशवी काढणार, हे टीव्हीने सांगितलंच होतं. जुन्या साडीच्या घड्या धुऊन गॅलरीत टॉवेलखाली वाळत घालायचे, आमच्या वेळी सगळ्या घालायच्या तशा. एकदा तिने आपल्या गॅलरीतून हात लांब करून तो टॉवेल उचलला.

"काकू, तुमची पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

मी म्हटलं, लोकांचे कपडे उचलू नये. तिने मला तशीच रिक्षात घातली. तपासणीला मी गेले, पण काढू द्यायची नाही हे मनात पक्कं धरूनच गेले.

त्या दिवशी मी सही केली आणि ती निघाली, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसायला लागली. मुळशीकडची, माझ्याहून लहान. पोट पाण्याने फुगलेलं, बाकी नुसती हाडं.

"तुमीच ना त्या बातम्यातल्या?" तिचं तोंड उजळलं. "सून म्हनली, अशा न्हाई येत त्या हितं. डॉक्टर लई मागं लागला व्हता बगा, पर म्या तुमचं ऐकलं. वर्सभर पिशवी वाचवली."

आणि तिने हात जोडले.

बातमीवाली त्या खाटेवर बसली. तोंडावरच्या पावडरीतून पाणी वाहायला लागलं. ती बाई मला विचारते, काय झालं ह्यांना. मी म्हटलं, दमली आहे.

पुढे ती रोज यायची. माझ्यासाठी डब्यात करपलेली खिचडी आणि त्या बाईसाठी शहाळं. तिची वेणीफणीही करायची, तिच्या नवऱ्याला बाहेर नेऊन काय काय सांगायची. त्या बाईला मात्र तिने कापलेल्या दोन वाक्यांचं कधी सांगितलं नाही. मीही नाही. सांगून काय करणार होतो.

मी घरी आल्यावर काही दिवसांनी त्या मुळशीच्या बाईच्या सुनेचा शेजारणीला फोन आला. बातमीवाली दारात येऊन म्हणाली, ती गेली. कशाने, हे त्या एका वेळी तिने विचारलं नाही.

वाहिनी तिने पुढे सोडली. आता वस्त्यांमध्ये, कंपन्यांच्या कँटीनमध्ये, बोलावतील तिथे जाऊन बायकांशी बोलते, आणि पुरं बोलल्याशिवाय माईक देत नाही, म्हणून लोक पुन्हा बोलवत नाहीत. केस पांढरे झाले, दूध अजून उतू जातं. सकाळी गॅलरीत येऊन आधी माझी दोरी बघते, मग माझ्याकडे. मी टॉवेल उचलून दाखवते.

त्या मुळशीच्या बाईने आणि मी बातमी एकच ऐकली होती, ऐकून एकच केलं होतं. त्या बाईच्या घराला कोणाची गॅलरी लागून नव्हती. मी वाचले.