कपाट निवडावं तसं हेलिकॉप्टर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर चहा तोंडात असताना हसाल, ठसका लागेल आणि माझ्या नावानं ओरडाल. कारण आज सांगतोय तो मूर्खपणा शेजाऱ्याचा नाही, साहेबाचा नाही, खास माझा स्वतःचा आहे. लष्करानं बर्फाच्या डोंगरात कुठलं हेलिकॉप्टर वापरावं, हे मी भाईंदर पूर्वेच्या दोन खोल्यांत पाटावर बसून ठरवलं होतं!

तुझा आणि हेलिकॉप्टरचा संबंध काय, असं विचारू नका. संबंध असल्याशिवाय बोलायचं नाही असा नियम केला तर आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये स्मशानशांतता पसरेल.

आणि संबंध नव्हता कसा? मी एका कचेरीत खरेदी विभागात हेडक्लार्क होतो. पंखे, खुर्च्या, लोखंडी कपाटं, सगळं माझ्या हाताखालून जायचं. कपाट कसं निवडायचं? आत काय मावतं ते बघायचं, बाहेरून टकटक वाजवायचं आणि हलवून बघायचं. हललं नाही की घ्यायचं. आमच्या भाईंदरला स्टीलची भांडीसुद्धा वजनावर विकतात. पातेलं जितकं जड तितकं चांगलं. एवढी साधी अक्कल ज्यांना नाही ते देशासाठी खरेदी करतात, असं माझं ठाम मत होतं.

शिवाय लष्करावर माझा जुना राग होता. विशीत असताना मी भरतीला गेलो होतो. उंची मोजली, छाती मोजली, काट्यावर उभं केलं आणि तिथला हवालदार सगळ्या पोरांसमोर म्हणाला, "वजन कम है बेटा, घर जाके खाना खाओ." अपमान झाला हो! पण सल्ला मनावर घेतला आणि तेव्हापासून इमानेइतबारे पाळतोय. आमची बायको मालती म्हणते, सरकारचा एवढा एकच हुकूम तुम्ही पाळलात.

तर गोष्ट नव्वदनंतरची, घरोघर केबल नुकतीच आली होती तेव्हाची. माझी बहीण, आमची ताई, भावोजी गेल्यापासून शेजारच्याच खोलीत राहायची. तिची मुलगी सुजाता दवाखान्यात नर्स. सुजाताला स्थळ आलं. मुलगा मिलिंद, सैन्यात कॅप्टन, बर्फातल्या चौक्यांवर हेलिकॉप्टर नेतो. विहारातल्या ओळखीतून आलेलं स्थळ, माणसं नांदेडकडची, वडील निवृत्त मुख्याध्यापक.

ताईनं आधीच सांगून ठेवलं होतं, "अरे, पोरीच्या मनात आहे बरं का. फोटो उशीखाली ठेवून झोपते. पण तू हो म्हटल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. तिच्या बापाच्या जागी तूच आहेस."

झालं! माझ्या डोक्यावर असा मुकुट ठेवल्यावर मी काय साधासुधा राहतोय? माझ्या मनात तर दुसरंच स्थळ होतं. बेव्हर्ली पार्कमध्ये स्वतःचा फ्लॅट, कायमची नोकरी, मुलगा अंगापिंडानं भरलेला. ठोकून बघावा असा!

रविवारी मंडळी आली. जयभीम-जयभीम झालं, पाणी झालं, पोहे आले. मी मुलाकडे बघतोय तर काय, काडी! नुसती काडी! गणवेशात फोटो काढला होता म्हणून भरल्यासारखा दिसत होता. पोहे दिले तर निम्मे बाजूला काढून ठेवले.

"घ्या ना, संकोच करू नका," मी म्हणालो.

त्याची आई म्हणाली, "लेकराला खाऊ घालायची सोयच ऱ्हायली न्हाई बघा. वजन वाढलं की वर जाता येत न्हाई म्हणतो."

मी मालतीकडे बघितलं. म्हणजे बघ, जेवायलासुद्धा घाबरणारा जवान!

"बरं," मी पाय ताणून विचारलं, "तुमच्या त्या हेलिकॉप्टरमध्ये माणसं किती बसतात?"

"खाली पाच, मामा. पण अगदी वरच्या चौकीवर जायचं तर आम्ही दोघं वैमानिक, आणि मागे कधी एक आजारी जवान, कधी रॉकेलचा एखादा डबा."

"एक डबा?"

"कधी तोही नाही."

मला हसू आवरेना. "अहो, आमचा रॉकेलवाला सायकलवर दोन डबे नेतो!"

सुजातानं स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मी दुसरा कुणी नव्हतो.

मिलिंद मात्र शांत. म्हणाला, "वरती हवा विरळ असते, मामा. इंजिनालाही दम लागतो आणि पंख्याला रेटा द्यायला हवाच मिळत नाही. खाली दहा पोती उचलणारं मशीन तिथं एक पोतं उचलताना रडतं. म्हणून आम्ही मागची सीट काढतो, दारं काढतो, तेलसुद्धा जाऊन येण्यापुरतंच भरतो. आत्ता नव्या हेलिकॉप्टरांच्या चाचण्या चालू आहेत, मी तिथूनच आलोय. बाकी सांगता येणार नाही, पण कसोटी एवढीच असते की वर नेऊन काय उचलतंय. खाली किती मोठं दिसतंय ते कुणी बघत नाही."

आता इथं शहाण्या माणसानं पोह्यात तोंड घालून बसायचं ना? पण नाही! खरेदी विभाग जागा झाला होता.

"दारं काढता? सीट काढता? मग उरलं काय, रिक्षाच की!" मी म्हणालो. "कॅप्टनसाहेब, तुमची निवडच चुकतेय. मोठं घ्या, जड घ्या, दोन इंजिनांचं घ्या. लहान मशीन घ्यायचं आणि वर त्याचं वजन कमी करत बसायचं, हे कुठलं शहाणपण? मला द्या ती फाईल, मी तुम्हाला आठवड्यात हेलिकॉप्टर निवडून देतो!"

मुख्याध्यापक खोकले. ताईनं पदर तोंडाला लावला. मालती पुटपुटली, "आता पुरे." आणि तिनं पुरे म्हटलं की मला आणखी चेव येतो, हे तिला इतक्या वर्षांत कळू नये?

"आमच्या इकडे बघा," मी चढलो. "उत्तनच्या वाटेवरचा डोंगरीचा चढ! भाईंदरहून रिक्षा निघते, सहा-सहा माणसं भरून, मासळीच्या टोपल्यांसकट वर जाते. एक इंजिन, तेही एवढंसं! तुमचं सरकारी मशीन एक डबा नेताना रडतं!"

"सहा माणसं त्या चढावरून?" मिलिंदनं विचारलं.

"पैज लावा!"

"कशाची?" हे मिलिंद नाही बोलला. सुजाता बोलली. हातात चहाचा ट्रे घेऊन पुढे आली आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिली. "मामा, कशाची पैज?"

माझी जीभ, दुसरं काय? म्हणून गेलो, "रिक्षा सहा जणांना घेऊन वर गेली तर हे स्थळ नको. लहान मशीनवाल्याला आमची मुलगी द्यायची नाही."

ताईचा चेहरा पांढरा पडला. पाहुण्यांसमोर असं कुणी बोलतं का? मुख्याध्यापक उठायच्या बेतात होते. पण पोरगी कुणाची भाची! म्हणाली, "आणि नाही गेली तर?"

"नाही गेली तर वरच साखरपुडा! लाडू मी स्वतः भरवीन!"

"मान्य," सुजाता म्हणाली.

"मलाही," मिलिंद म्हणाला. "चाचणी घेऊया."

बघा, हसतखेळत म्हणाला हो. पण ती पोरगी चहा द्यायचा विसरून ट्रे तसाच परत आत घेऊन गेली, ते मला दिसलं होतं. दिसूनही मी चप्पल घातली. याला म्हणतात गाढवपणा.

मालती म्हणाली, "मी नाही येत. त्या रिक्षाला तुमचं एकट्याचं ओझं पुरे आहे." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. घरात बेसनाचे लाडू होते, ते स्टीलच्या मोठ्या डब्यात भरले. चांगला जड डबा, अर्थात वजनावर घेतलेला. पाण्याची बाटली, चिवडा, छत्री, सगळं पिशवीत. जिंकल्यावर पाहुण्यांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं? लाडू देऊन गोडीनं वाटेला लावायचं, असा माझा बेत.

पश्चिमेला जाऊन रिक्षा पकडली. रिक्षावाला उत्तनचा, आग्नेल. त्यानं आम्हाला मोजलं आणि मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"येवढी सगली? चढ हाय, शेट."

"माहीत आहे. रोज नेत नाहीस का सहा जण?"

"नेतो. पन ती सुकी मान्सं असतात."

असला उद्धटपणा! मी त्याच्या शेजारी पुढे बसलो, म्हणजे त्याला शेजारी जेवढी जागा उरली तेवढ्यात तो बसला. दुसऱ्या बाजूला मिलिंद, अर्धा बाहेर. मागे ताई, मुख्याध्यापक, त्यांच्या बाई आणि दाटीत सुजाता. पिशवी माझ्या मांडीवर.

सपाटीवर रिक्षा काय पळाली! खाडीचा वारा, दोन्हीकडे मिठागरं. मी मागे वळून वळून सांगतोय, "बघा! काही जाणवतंय का? देशी माल!"

मग चढ आला.

पहिल्या वळणावर रिक्षा गुरगुरली, दुसऱ्यावर खोकली, आणि तिसरं यायच्या आधीच जागच्या जागी थरथरायला लागली. आग्नेल ब्रेकवर उभाच राहिला.

"न्हाय चढायची."

"चढेल! गिअर बदल!"

"येकाच्या खाली गिअर न्हाय, शेट."

मिलिंद खाली उतरला. "मामा, आमच्याकडे अशा वेळी एकेक वजन कमी करून बघतात. आधी सामान काढूया?"

"काढा! सामान म्हणजे माणूस नव्हे. पैज सहा माणसांची आहे," मी मुद्दा सोडला नाही. पिशवी रस्त्याच्या कडेला ठेवली. मिलिंद परत बसला. रिक्षा हातभर सरकली आणि थांबली.

मिलिंद पुन्हा उतरला. "मी नाही बसत. आता बघा."

पैज तिथंच संपली होती, हो ना? सहाचे पाच झाले होते. पण मला वाटलं, पाच तर पाच, निदान अब्रू राहील. रिक्षा थोडी पुढे गेली, किंचाळली आणि पुन्हा थांबली. चार पोरं खेळ टाकून बघायला उभी राहिली.

मागून सुजाताचा आवाज आला, अगदी साखरेत घोळलेला. "मामा, तुम्ही उतरून बघता का?"

"मी? मी चाचणी घेतोय! परीक्षक कधी उतरतो का?"

आग्नेलनं कपाळावरचा घाम पुसला. "काका, तुमी उतरा. बाकी सगली जातील."

"सगळी?"

"सगली."

उतरलो. काय करता? मी पाय खाली टेकवला आणि रिक्षा, शपथेवर सांगतो, वर उचलली गेली! मिलिंद माझ्या जागी बसला. त्याच्या शेजारी आणखी एक जण मावला असता एवढी जागा उरली. आग्नेलनं हँडल पिळलं आणि ती मघापर्यंत माझी लाडकी देशी रिक्षा पाच माणसं घेऊन तुरुतुरु वळण चढून दिसेनाशी झाली. कुणी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

उरलो मी आणि पिशवी.

चाललो. तो डब्बा! कुणी सांगितलं होतं जड डबा घ्यायला? चार पावलं टाकतोय, थांबतोय. डोक्यावर मासळीची टोपली घेतलेली एक बाई मला सहज मागे टाकून गेली आणि जाताना विचारून गेली, "बरं न्हाय का, भाव?" डोंगरीचा डोंगर म्हणजे काय हिमालय आहे का? आमच्या बिल्डिंगवर तीनचार बिल्डिंगा ठेवल्या तर संपला. पण मला तिथं काजवे दिसले, भरदुपारी!

वर पोचलो तेव्हा मंडळी झाडाखाली समुद्र बघत बसली होती. ताई आणि मिलिंदची आई एकमेकींचे हात धरून रडून घेत होत्या, म्हणजे सगळं ठरलं होतं. मुख्याध्यापक हसत होते. मला बघून सुजाता टाळ्या पिटत ओरडली, "लाडू आले, लाडू आले!"

मामा आले, असं नाही हं. लाडू आले!

मी बसकण मारली. बोलायचं होतं पुष्कळ, तोंडातून निघालं एवढंच, "हवा... हवा फार विरळ आहे इथं."

"हो मामा," मिलिंद गंभीरपणे म्हणाला आणि मला पाणी दिलं.

शब्दाला जागलो. दोघांना माझ्या हातानं लाडू भरवले. त्या काडीनं पूर्ण लाडू खाल्ला, आणि सुजाता लाडू खाताखाता मला मिठी मारून रडली तेव्हा मात्र मलाही राहवलं नाही. कुठल्या फुकटच्या शहाणपणापायी मी काय घालवून बसणार होतो!

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण लग्नानंतर पहिल्या सुट्टीवर दोघं घरी जेवायला आली. जेवताना सुजाता फिदीफिदी हसायला लागली. मी म्हटलं, काय झालं? ती म्हणाली, "ह्यांना विचारा."

मिलिंद ताटात बघत राहिला. "मामा, रागावणार नसाल तर सांगतो. तो किस्सा मी तिकडे मेसमध्ये सांगितला होता. आता वरच्या हेलिपॅडवर मशीन उचलत नसलं की आमची पोरं ओरडतात, 'मामा उतारो!'"

"म्हणजे?"

"म्हणजे जे नसलं तरी चालतं, ते आधी खाली काढा."

मी ताट बाजूला सरकवलं. मालतीनं शांतपणे आणखी एक पोळी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "तोंड काय पाडता? शेवटी सैन्यात भरती झालात की!"

झालो खरा. वजन कमी म्हणून परत पाठवलं होतं, जास्तीचं वजन म्हणून घेतलं!