शेवंताबाईचा भात

बाजाराच्या दिवशी शेवंताबाईच्या भट्टीचं टिनाचं दार लागलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी मात्र ते लागलेलं होतं. शेजारी बसणारी भाजीवाली म्हणाली, "सकाळीच गेली जी, झोपेतच." मी तसाच घरी आलो आणि बाबांना सांगितलं. त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि तिच्या घराकडे निघाले... या गोष्टीला आता महिना होत आला. तरी सानगडीच्या बाजारात गेलो की पाय तिकडेच वळतात. काय करता!

सत्तरच्या दशकात तिनं ही भट्टी टाकली तेव्हा लोक हसले होते. तिच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं जुन्या सायकलची चेन आणि पायडल लावून अशी सोय केली होती, की पायडल फिरवलं की लोखंडी सळई फिरायची. सळईला तिखट-मीठ-लसूण चोळलेल्या कोंबड्या, बाजूला निखारे, आणि सळईच्या बरोबर खाली भाताचा उघडा गंज, म्हणजे मोठं पातेलं. कोंबडीची चरबी थेंबथेंब त्या भातात गळायची. अहाहा! कोंबडी आजूबाजूच्या गावांतली, मिरची पवनीकडची, तांदूळ स्वतःच्या शेतातल्या बांधीतला. पुढे शहरातली पांढरी कोंबडी आली तेव्हा एकानं सुचवलं, ही स्वस्त पडते. शेवंताबाई म्हणाली, "जिनं कधी उकिरडा उकरला नाही, तिले चव कुठून येईन, बाप्पा?"

आता खरं सांगायचं तर त्या भाताला आम्ही हात लावत नव्हतो. आम्ही कुणबी, ती बौद्ध. तिच्या हातचं आगीवर भाजलेलं चालायचं, पाण्यात शिजवलेलं चालायचं नाही. कुणी केला हा कायदा, त्या आगीलाच ठाऊक! कोंबडीवर ताव मारायचा, आणि भात मात्र घरून डब्यात न्यायचा, थंडगार, कोरडा. एकदा बाबा बाहेर गेलेले पाहून मी हळूच म्हणालो, "शेवंताबाई, वाढा ना थोडा. कोणी पाहून नाही राहिलं." अशी भडकली म्हणता! "चोरून कायले खातं रे? बापासमोर खाशीन त्या दिवशी ये." मग जरा वेळानं, पायडल मारता मारता म्हणाली, "मीच रोवला, मीच कापला. ज्यायच्या धुऱ्याले माहा धुरा लागून हाय, त्यायनं एक दिवस हा भात खावा... एवढंच वाटते मले." आमच्याच बांधीला तिची बांधी लागून होती; मधला धुरा, म्हणजे बांध, एकच.

माझ्या बहिणीसाठी, कमलताईसाठी, पवनीहून सोयरीक आली ती त्याच सुमारास. घर चांगलं, मुलगा नोकरीवाला, आई तर हरखून गेली होती. बाबा मुलाच्या वडिलांना भट्टीवर घेऊन गेले. सानगडीत आलेल्या पाहुण्याला दुसरं काय खाऊ घालणार? आईनं सवयीप्रमाणे डबा भरून दिला होता. पण मी तो उघडायच्या आतच पाहुण्यांनी वासानं राहवेना म्हणून डाव उचलला आणि गंजातला भात स्वतःच ताटात घेतला. आमच्या भट्टीचा रिवाज त्यांना कुठून माहीत असणार! बाबांचा चेहरा उतरला. मी खाली पाहिलं. सगळेच गप्प राहिलो असतो तर सगळं निभलं असतं, सोयरीकही झाली असती. पण शेवंताबाईनं पायडल थांबवलं. "पाहुणे, थांबा जी. आमी बौद्ध हावो. भात माह्या हातचा हाय. मागून कोणी सांगितलं नाही म्हणू नोका."

पाहुण्यांनी घास ताटात टाकला आणि ते बाबांकडे वळले. "पाटील, हे काय करून राहिले तुमी?"

बाबा उठतील असंच मला वाटलं होतं. त्यांनी मांडी घातली. "शेवंताबाई, मले वाढा," ते म्हणाले. "पाहुण्याच्या ताटात भात पडला, आता त्यायले एकटं जेवू देऊ काय?" तिनं डाव भरून वाढला. मीही ताट ओढलं. पाहुणे मात्र उठून गेले, आणि सोयरीकही त्यांच्याबरोबर गेली. आई कितीतरी दिवस बाबांशी बोलली नाही. "पोरीपेक्षा भात मोठा झाला?" एवढंच म्हणाली होती. कमलताईचं पुढे चांगलं झालं, पण आईची अढी काही सुटली नाही. भट्टीवर मात्र हळूहळू भाताला दोघं बसले, चौघं बसले, आणि लोकांचे डबे घरीच राहू लागले.

मागच्या उन्हाळ्यात तिला भेटलो ते शेवटचं. खाटेवर पडून होती; भट्टी आता सूनच चालवायची. मीच त्या सोयरीकीच्या दिवसाचा विषय काढला. हसली. "लोक म्हणतेत, पाटलानं इज्जत राखली. राखली ना जी. पहिला भात त्यायनं इज्जतीसाठीच खाल्ला. पण मंग ताट पुढं करून आणखी मांगला... तो भुकेचा होता रे. मले तोच याद हाय." मी ते साफ विसरून गेलो होतो.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला आम्ही सगळे गेलो. आईही आली. का आली, मी विचारलं नाही. पंगतीत बाबांच्या शेजारी बसली, खाली मान घालून जेवू लागली. शेवंताबाईची सून भात वाढत पुढे सरकली, तेवढ्यात आईनं तिचा हात धरला.

"थांब वो माय," ती म्हणाली. "मले आणखी वाढ."