हार्ड डिस्क रिकामी झाल्यानंतर

आमच्याकडे पाहुणे आले की एक गोष्ट हमखास निघते. अण्णांनी टीव्हीच्या रिमोटनं सगळ्या घराचे फोटो कसे उडवले, ती. मुलगा रंगवून सांगतो. माझं बोट रिमोटवर कसं अडखळतं, चष्मा कसा खाली येतो, याची नक्कल करतो. लोक हसतात, मीही हसतो. गोष्ट खरी आहे, पण तो जिथं संपवतो तिथं ती संपत नाही. पुढचं मला एकट्यालाच माहीत होतं. ते आता लिहून ठेवतो.

पौडच्या अलीकडे आमचं घर आहे. मागच्या वावरात खोल्या बांधून कारखान्यातल्या कामगारांना भाड्यानं दिल्या आहेत. मी स्वतः उरवड्याला एका कारखान्यात माल तपासायला होतो. दुसऱ्याच्या हातून झालेली चूक मला लांबून दिसायची.

घरात एकच कॉम्प्युटर. सून त्याच्यावर शिकवण्या घेते, सगळ्यांचे फोटोही त्याच्यातच. तो गच्च भरला. काही नवं ठेवायला गेलं की जागा नाही म्हणायचा. मग मुलानं बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली. काळी, तळहातात मावणारी, एक वायर असलेली.

"घ्या, कॉम्प्युटरला माळा काढला," तो म्हणाला.

माळा हाच शब्द घरात रूढ झाला. सामान वर टाकलं की खाली मोकळं होतं, तसंच सुनेनं केलं. सगळ्यांचे फोन आणि कॉम्प्युटर रिकामा करून सगळं माळ्यावर टाकलं आणि खालून काढून घेतलं. दोन ठिकाणी ठेवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. जागा करायची होती, ती झाली.

त्यात तिच्या वडिलांचे, आबांचे, व्हिडिओ होते. आमचे व्याही लवासाच्या रस्त्यावर चहाची टपरी चालवायचे. डिस्क आणली त्याच हिवाळ्यात ते वारले. पोरीनं माहेरी गेल्यावर टपरीतच त्यांचं शूटिंग केलेलं. एकात ते गाळणी आपटत तिला म्हणतात, "शूटिंग काय करतीयास? कप विसळ. पौडाला जाऊन लई शानी झालीस व्हय?" आणि मग स्वतःच हसतात. भांडी आवरली की सून तो व्हिडिओ एकदा लावायची. मोठ्यानं नाही, पण आम्हाला ऐकू यायचा.

मुलानं मला बजावलं होतं, "अण्णा, डिस्क टीव्हीला लावू नका. काय बघायचं ते मी पेनड्राइव्हवर देतो." पण एका दुपारी घरात कुणी नव्हतं. गावच्या जत्रेत मला फेटा बांधून नारळ दिला होता, तो व्हिडिओ मला मोठ्या पडद्यावर बघायचा होता. एवढंच. डिस्क काढली, टीव्हीला लावली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चौकट आली. टीव्ही नेहमीच काही ना काही विचारतो आणि मी नेहमीच ओके दाबतो. तसंच दाबलं. पुन्हा एकदा विचारलं, पुन्हा दाबलं. एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली. मग पडद्यावर आलं की डिस्कमध्ये काही नाही.

मी वायर काढली, घातली, काढली. शेवटी डिस्क पुसून होती तिथं ठेवून दिली.

संध्याकाळी सुनेनं ती लावली. दोनदा काढून पुन्हा लावली. नंतर हाक मारली, "अहो, इकडे या जरा."

मुलगा चिडला. "तूच कट-पेस्ट करत बसली होतीस ना? काय केलंस? काय दाबलंस?"

"मी काही नाही केलं. केलं असेल तर माहीत नाही. आबांचे सगळे गेले हो."

"एक वस्तू नीट वापरता येत नाही तुला!"

मी पलीकडे जेवत होतो. भाकरी संपवली, ताकही प्यालो.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच महिन्यांनी उघडी पडली. भाच्यानं टीव्हीला पेनड्राइव्ह लावला, सगळं पुसू का म्हणून विचारणारी तीच चौकट आली आणि मुलानं ती वाचून माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. सगळे हसायला लागले. म्हातारा माणूस, त्याला काय कळतंय. सून तेवढी म्हणाली, "सांगायचं ना अण्णा. मी इतके दिवस मलाच शिव्या देत होते." आणि मला चहा आणून दिला. तिनं आणलेला चहा त्या दिवसापासून मला गिळवत नाही.

कारण डिस्क पुसली गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पौडला गेलो होतो. स्टँडजवळ मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं विचारलं, "माझ्या एका मित्राची डिस्क टीव्हीनं पुसून टाकलीय. काही होतं का?"

दुकानदार दुसऱ्याचा मोबाइल उघडत होता. मान वर न करता म्हणाला, "दारावरची पाटी काढलीय फक्त. सामान घरातच असतं. पण काका, मित्राला सांगा, तिच्यावर नवीन काही टाकू नको म्हणावं. टाकलं की जुन्यावर बसतं, मग संपलं. आजच घेऊन या, बहुतेक सगळं निघेल."

मी रिक्षा करून घरी आलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. डिस्क दे, एका माणसानं सांगितलंय, निघतंय सगळं. कुणी पुसली ते सांगायची गरजच पडणार नाही, असंही एक वाक्य जुळवलं होतं.

मुलगा रजेवर होता. ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता आणि डिस्क त्याला जोडलेली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती.

"काय करतोस?"

"रिकामीच पडलीय तर ऑफिसचं आणि सिनेमे टाकून ठेवतो. लॅपटॉपपण भरलाय."

थांब, एवढा एक शब्द होता. पण तो थांबला असता तर का म्हणून विचारलं असतं. टीव्हीनं पुसली हे तुम्हाला कसं माहीत? आणि माहीत होतं तर काल रात्री ती रडत होती तेव्हा ताक पीत का बसलात? आत सून डोळे सुजलेले घेऊन भाजी निवडत होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "ऊन लागेल, आत बस." तो आत जाऊन बसला. पट्टी सरकतच होती.

मी घराच्या मागं गेलो आणि मीटरचा मेन स्विच खाली ओढला. खोल्यांमधनं आवाज आले. "अण्णा, लाईट गेली व्हय?" "अंकल, लाइट कब आएगी?" मी घरात आलो तर मुलगा तसाच बसलेला. लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि डिस्क लॅपटॉपवर, हे मला सुचलंच नव्हतं. पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली होती. तिच्या प्रत्येक पुढच्या पावलाखाली काय जातंय हे घरात मला एकट्याला कळत होतं. टपरी जात होती, गाळणी जात होती, ते हसणं जात होतं. मी बाहेर जाऊन स्विच वर केला. "आली, आली," खोल्यांमधली पोरं ओरडली.

पुढं मुलगा रोज काही ना काही त्या डिस्कवर टाकत राहिला. मी रोज बघत राहिलो.

मागच्या महिन्यात सुनेला कुणाकडून तरी कळलं की पुसलेलं परत काढणारे लोक पुण्यात आहेत. मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून मी तिच्याबरोबर गेलो. त्या लोकांनी डिस्क ठेवून घेतली आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावलं. व्हिडिओ एकही निघाला नाही. एक फोटो निघाला, तोही वरचा भागच. टपरीचा पत्रा, मागचा डोंगर, पांढरी टोपी, कपाळ. भुवयांच्या खाली नुसता करडा रंग. तिनं त्याची तिथंच प्रिंट काढून मागितली.

परतीच्या बसमध्ये प्रिंट मांडीवर ठेवून ती म्हणाली, "ते म्हणाले, लगेच आणली असती तर सगळं निघालं असतं. पण आपल्याला कुठं माहीत होतं, अण्णा."

"मला माहीत होतं."

तिनं वळून पाहिलं. "कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. ह्यानं सिनेमे टाकायच्या आधी."

ती उठली. बस निम्मी मोकळी होती, तरी पौडपर्यंत दरवाज्याजवळच्या दांड्याला धरून उभी राहिली.

घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. तो अर्धा फोटो मात्र फ्रेम करून बैठकीत लावला, टीव्हीच्या वरच. मुलगा म्हणाला, "अगं, अर्धाच लावलास?" ती म्हणाली, "आहे तेवढा लावला." आलेलं माणूस विचारतंच, फोटो असा कसा हो? ती माझ्याकडे बघते. मी म्हणतो, मशीनचा दोष.

काल तिची आत्या आली, धरणाकडच्या गावाहून. भावाचा फोटो म्हणून हात जोडायला भिंतीपाशी गेली आणि तशीच थांबली.

"पोरी, ह्याचं त्वांड कुटं हाय गं?"

सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अण्णा सांगतील, आत्या."

मुलगा हसतच पुढं आला आणि रिमोटची नक्कल करायला लागला. आत्या हसली नाही. "ते आमाला ठावं हाय. फोनवर आयकलंय. त्येचं न्हाई इचारत मी. म्होरं काय झालं?"

सुनेनं आत जाऊन गॅस बंद केला आणि परत दारात येऊन उभी राहिली. मुलाचा हात रिमोट धरल्यासारखा हवेतच होता.

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी पौडला गेलो," मी म्हणालो.